रक्तावर पडलेले मणी

१

भागोजी पटवेकऱ्याला ज्याने मारलं, त्याचं एका घावाने समाधान झालं नव्हतं. दोरा ताणून धरायचं लोखंडी वजन त्याने म्हाताऱ्याच्या डोक्यात इतक्या वेळा घातलं होतं की डाव्या बाजूला कान कुठे संपतो आणि केस कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. उजव्या हाताची बोटं उलटी वळवून मोडली होती. ज्या बोटांनी महाड-पोलादपूरच्या निम्म्या बायकांच्या माळा गाठवल्या, ती बोटं! भिंतीवर रक्ताचे शिंतोडे छतापर्यंत गेले होते. आणि दुकानभर, गादीवर, पाटावर, उंबऱ्याशी मधाच्या रंगाचे मणी सांडले होते.

दुकानातली त्याची भागीदार परवीन पोलादपूरहून एका गिऱ्हाइकाकडून महाडला परतली तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. दुकानात मेलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण बाहेर जिवंत माणसाला मारण्यात सगळे गुंतले होते. भागोजीचा जावई प्रितम. त्याचं नाक फुटलं होतं, दोन दात गेले होते आणि शर्ट रक्ताने चिंब होता. त्यातलं सासऱ्याचं किती आणि त्याचं स्वतःचं किती, हे आता कोण सांगणार?

"सकाळीच भांडून गेला होता! म्हाताऱ्यानं थोबाडीत दिली, त्याचा डूख धरला यानं!" एकजण ओरडला आणि त्याने बूट प्रितमच्या बरगडीत घातला.

पोलिसांनी त्याला कसंबसं सोडवून जीपकडे ओढलं. तेवढ्यात त्याची बायको उज्वला, भागोजीची एकुलती एक मुलगी, गर्दीतून पुढे आली. वाटलं, नवऱ्याला कवटाळील. तिने रस्त्यावरचा दगड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला.

"माझा बाप खाल्लास मेल्या!"

जीपमध्ये कोंबताना प्रितमची नजर परवीनवर पडली. "ताई, मी नाय मारला," तो फुटक्या ओठांनी म्हणाला. "मी माफी मागाय आलतो. त्याला उचलाय गेलो, म्हनून रगत लागला."

परवीनने त्याच्याकडे पाहिलं. तिला प्रितम कधीच आवडला नव्हता. पण ती खोटे मणी ओळखून पोट भरणारी बाई होती, आणि हे बोलणं तिला खोटं वाटेना.

२

दुकान दोघांचं होतं. परवीन कहरुबा ओळखायची. कहरुबा म्हणजे अंबर. झाडाचा चीक, जमिनीत लाखो वर्षं पडून दगड झालेला. कुवेत-मस्कतहून परतलेली माणसं तिकडच्या जुन्या बाजारातल्या माळा आणि तसबी, म्हणजे जपमाळा, घेऊन तिच्याकडे यायची. खरी आहे का बघ, फुटलंय ते सांध, काळवंडलंय ते उजळून दे. परवीनने मणी दुरुस्त करायचे आणि भागोजीने ते रेशमात ओवून गाठवायचे. वीस वर्षं दोघं रोज भांडली आणि रोज एकाच डब्यातून जेवली.

इन्स्पेक्टर राजेंद्र उतेकरांनी तिला दुकानातला माल ओळखायला आत बोलावलं. प्रेत नेलं होतं. परवीनने तोंडावर ओढणी धरली आणि खाली वाकली.

"हे मणी खोटे आहेत," ती म्हणाली. "बॅकेलाइट, म्हणजे जुनं प्लास्टिक. प्रितम हिरकणीवाडीला रायगड बघायला येणाऱ्यांना हेच अंबर म्हणून विकतो. भागोजी असला माल गाठवत नसे."

"बरोबर. सकाळी प्रितम याची पिशवी घेऊन आला. सासऱ्याने नकार दिला, मारलं. पिशवी इथेच टाकून तो निघून गेला. दुपारी गल्ली जेवायला गेल्यावर तो परत आला आणि डोकं फिरलं. झटापटीत पिशवी फुटली."

परवीनने एक मणी चिमट्याने उचलला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक मणी तिने उलटून पाहिला.

"साहेब, छतापर्यंत रक्त उडालंय. मग या मण्यांच्या डोक्यावर एक थेंब नाही, असं कसं? खालून लाल आहेत, वरून कोरडे. हे झटापटीत सांडले नाहीत. रक्त पडून गेल्यावर कुणीतरी सावकाश ओतलेत."

उतेकर काही मूर्ख नव्हते. त्यांनी खाली बसून स्वतः चार मणी पाहिले.

"मलाही एक गोष्ट खटकतेय," ते म्हणाले. "बोटं. माणूस मेल्यावर त्याची बोटं मोडायची गरज काय? मुठीत काहीतरी होतं आणि ते काढून घ्यायचं होतं." ते उठले. "पण ओतणारा आणि मोडणारा प्रितमच असू शकतो. अंगावर रक्त त्याच्या आहे, भांडण त्याचं आहे. उद्या कोर्टात उभा करतोय मी त्याला. तोवर काही सुचलं तर सांगा."

बाहेर जहांगीर उभा होता. ट्रक तसाच वाटेत सोडून धावत आला होता म्हणे. त्याने परवीनच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तिच्या डोक्यावरची ओढणी नीट केली. जहांगीर तिच्या धाकट्या बहिणीचा, सुम्बुलचा नवरा. एकवीस सालच्या पुरात सावित्रीचं पाणी घरात शिरलं आणि सुम्बुलला जिन्यावरून ओढून घेऊन गेलं. तिचा हात आपल्या हातातून सुटला, असं सांगताना जहांगीर लहान मुलासारखा रडला होता. प्रेत सापडलंच नाही. आता घरच्यांनी परवीनचा आणि त्याचा निकाह ठरवला होता, येत्या शुक्रवारी. परवीनने आधी आढेवेढे घेतले. पण तो तिला आवडायला लागला होता, खोटं कशाला बोला.

"तू यात पडू नकोस," तो हळुवारपणे म्हणाला. "ज्याने केलं तो सापडला ना? झालं तर मग."

"झालं नाही," परवीन म्हणाली आणि हिरकणीवाडीच्या रिक्षात बसली.

३

प्रितमला खोटे मणी पुरवायचा तो चंदू. हिरकणीवाडीत त्याचा स्टॉल होता. परवीन उतरली तेव्हा तो कोयत्याने शहाळी तासत होता, आणि त्याच्या डाव्या हाताला रक्ताळलेलं फडकं बांधलेलं होतं.

"हाताला काय झालं?"

"कोयता लागला. का?" चंदूने तो कोयता तिच्या आणि आपल्या मधल्या फळीवर असा आपटला की पातं लाकडात उभं राहिलं. "मी मारला म्हाताऱ्याला? तसा विचार, मंग सांगतो."

"तू त्याला मारायची धमकी दिली होतीस."

"दिलती! चारचौघांत सांगतो, दिलती. पाडव्याला इथं माझ्या स्टॉलवर आला. मुंबईची गिऱ्हाइकं उभी. यानं पेल्यात पानी घेतला, मूठ मूठ मीठ घातला, ढवळला आनि माझा मणी टाकला. बुडाला. मंग खिशातनं खरा काढून टाकला, तो आपला वर तरंगतोय! 'खरा तरंगतो, खोटा बुडतो,' असा बोंबलत बसला. प्रितम आनि मी खाली माना घालून उभे. तवा म्हनलो, तुझा मुडदा पाडीन. पन म्हनन्यात नि करन्यात फरक हाय का नाय, गो बाय?"

"आज दुपारी कुठे होतास?"

"रोपवेच्या मॅनेजरसंगं जेवत. विचार त्याला." चंदूचा आवाज एकदम खाली आला. "कुनी सांडले ते मणी? माझा माल मी कशाला सांडू तिथं? आधी माझ्याच नावानं बोंब व्हायची."

परवीन रिक्षाकडे वळली आणि दोन पावलांवर थांबली. चंदू बोलता बोलता काय सांगून गेला ते आत्ता तिच्या डोक्यात शिरलं.

मुठीतलं काढून घ्यायला बोटं मोडली. म्हणजे खुन्याला ती वस्तू हवी होती. आणि मग त्याने शेकडो खोटे मणी ओतले. का? कारण त्या झटापटीत एखादा खरा मणी कुठेतरी घरंगळला आणि त्याला सापडेना! तांदळात तांदूळ लपावा तसा तो लपवायचा होता.

पण खरा मणी मिठाच्या पाण्यात सगळ्यांतून वेगळा होऊन वर येतो. हे चंदूला माहीत आहे. प्रितमला माहीत आहे. भर बाजारात त्याची त्यावरून अब्रू गेली आहे. दोघांपैकी एकानेही असा मूर्खपणा केला नसता.

ओतणारा माणूस तिसराच होता. त्याला हा साधा प्रयोग माहीत नव्हता.

४

पोलीस ठाण्यात प्लास्टिकची बादली आली, मिठाच्या पुड्या आल्या. परवीनने मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाणी ढवळलं. उतेकरांनी पंचांसमोर डबा उघडला आणि गोळा केलेले मणी ओंजळीने बादलीत सोडले. पाणी आधी गुलाबी झालं, मग तांबडं. भागोजीचं रक्त. परवीनने बादलीवरची नजर हलवली नाही.

टपटप करत सगळे मणी तळाला गेले.

"गेलं," हवालदार पुटपुटला.

मग त्या तांबड्या पाण्यातून एक मणी हळूच वर आला आणि बादलीच्या कडेला जाऊन टेकला.

उतेकर मोठ्याने काहीतरी बोलले. परवीनने मणी तळहातावर घेतला, कोमट पाण्याने धुतला, मऊ फडक्याने टिपला. खरा कहरुबा, जुना, गडद. ती खिडकीशी गेली आणि तिने तो उन्हात धरला. भोकाजवळ एक बारीक वाकडी रेघ होती, नखाच्या कडेसारखी. फुटलेल्या मण्यात राळ भरून सांधलं की अशी रेघ राहते. कुणाचं काम आहे हे तिला विचारायची गरज नव्हती. ते तिचंच काम होतं.

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"काय झालं?" उतेकर धावले.

"ही माझ्या बहिणीची माळ आहे," परवीन म्हणाली. "आमच्या आजोबांनी बसऱ्याहून आणलेली. पाणी चढत होतं तेव्हा सुम्बुलने मला व्हिडिओ कॉल केला होता. 'आपा, जिन्यापर्यंत आलंय गो,' म्हणत होती. त्या वेळी माळ तिच्या गळ्यात होती. ती वाहून गेली ती माळेसकट, असंच मी सगळ्यांना सांगत आले. भागोजीलाही."

५

उतेकरांनी दार लावून घेतलं.

"पुरात वाहून गेलेल्या वस्तू कुणालाही सापडतात," ते म्हणाले. "एखाद्याला गाळात माळ मिळाली असेल, त्याने भागोजीकडे आणली असेल."

"नाही." परवीनचा आवाज आता कोरडा झाला होता. "पुरानंतर वर्षभर मी महाडच्या बायकांच्या गाळातल्या माळा साफ करत होते, साहेब. सावित्रीचा गाळ मण्याच्या भोकात जाऊन बसला की सुईने कोरला तरी पुरता निघत नाही. वरून मणी खडूसारखा पांढुरका होतो. हा बघा. भोक आतून स्वच्छ आहे. अंगाची झिलई जशीच्या तशी आहे. ही माळ नदीत गेलीच नाही. पाणी येण्याआधी ती तिच्या गळ्यातून काढलेली आहे."

"तेव्हा घरात कोण होतं?"

दोघांनाही ते माहीत होतं.

पुढचं तिच्या डोक्यात आपोआप जुळत गेलं आणि जुळू नये म्हणून ती अल्लाची करुणा भाकत राहिली. माळ विकता येण्यासारखी नव्हती, कारण या मुलखात जुना कहरुबा कुठेही विकायला काढला तरी तो फिरून परवीनच्याच टेबलावर येणार. म्हणून ती घरातच लपून राहिली. मग ती भागोजीकडे गेली कशी? निकाह ठरला की मुलाकडचे नव्या सुनेला घरातला जुना दागिना गाठवून घालतात. तो कुठला ते तिला आधी कळू द्यायचं नसतं. आणि मिठाचा प्रयोग माहीत नसलेला तो तिसरा माणूस? मिठाच्या पाण्याची गोष्ट तिने जहांगीरला किती वेळा रंगवून सांगितली होती! तो मान डोलवायचा आणि मोबाइल बघायचा. माझ्या कामातलं एक अक्षर या माणसाने कधी कानात शिरू दिलं नाही, या विचाराने तिला रडण्याआधी संताप आला.

"तुम्ही ओळखलंत, मी मानलं," उतेकर म्हणाले. "पण एका मण्यावर कोर्ट कुणाला फाशी देत नाही. माळ त्या घरातून भागोजीकडे गेली, हे सांगणारा माणूस पाहिजे. नाहीतर उद्या प्रितमच उभा राहील."

"असा एकच माणूस आहे," परवीन म्हणाली. "त्याची आई. ती पोलिसांपुढे तोंड उघडणार नाही. तुमची जीप लांब उभी करा."

६

जहांगीरचं नवं घर पोलादपुरात, हमरस्त्याच्या मागे होतं. त्याची आई, अम्मा, स्वयंपाकघरात पाट्यावर मसाला वाटत बसली होती. परवीनला पाहून म्हातारी खुलली.

"ये गो बाय. त्या भागोजीचा ऐकला नि काल्जात धस्स झाला."

परवीन तिच्यासमोर जमिनीवर बसली. आपण या बाईचा संसार मोडायला आलो आहोत, हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही तिने विचारलं. "अम्मा, तुम्ही भागोजीकडे माळ दिली होती?"

"ते तुला कुनी सांगितला?" म्हातारी लाजली. "तुला निकाहला घालायची होती. माळ्यावर ट्रकच्या हत्यारांच्या पेटीत गावली. म्हटला, पुरातनं वाचवून पयल्या बायकोची आठवन जपलीय बिचाऱ्यानं. दोरा मळका होता म्हनून दिली गाठवाय."

"भागोजी काय म्हणाला?"

"माळ हातात घेऊन गप्पच बसला. मंग म्हनला, दोऱ्याचा रंग जहांगीरला विचारतो, त्याला एकटा पाठवा." वरवंटा थांबला. "मीच धाडला आज त्याला. दुपारी. जेवन झाल्यावर..."

म्हातारी स्वतःचंच बोलणं ऐकत राहिली. भागोजीने भलेपणा केला होता. आठवड्यावर लग्न आलेलं घर उगीच उधळू नये, आधी त्या माणसाला एकट्यात विचारावं, त्याच्याकडे काहीतरी चांगलं उत्तर असेल, एवढाच त्याचा विचार होता.

"अम्मा, हेच पोलिसांना सांगाल?"

"काय सांगायचं पोलिसांना?" मागच्या दारातून आवाज आला.

जहांगीर आत आला आणि त्याने कडी लावली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळेच परवीनच्या तोंडचं पाणी पळालं. ती उठली.

"माळ कुठे आहे?" तिने विचारलं.

"सुम्बुलसारखंच बोलतेस. हे कुठे आहे, ते का केलंस, मी माहेरी जाते." त्याने तिची ओढणी मनगटाला गुंडाळली आणि झटक्यात तिला भिंतीवर आपटलं. तिच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं. तिने त्याचा हात चावला, मांस तोंडात येईपर्यंत चावला. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या जबड्यावर ठोसा मारला आणि ओढणीचा पीळ आवळला.

"मला तिला मारायचं नव्हतं!" तो तिच्या तोंडावर ओरडला. "ती निघाली, म्हणून मी माळ धरली. नुसती धरली! कुठलाही दोरा तुटला असता. तो तुटेना. त्या म्हाताऱ्याने असा रेशमी दोरा पिळून घातला होता की तुटतच नव्हता, ती निळी पडली तरी तुटला नाही! मग माळ काढून घेतली आणि तिला पाण्यात सोडली. आणि आज तो मलाच विचारतो, शेट, ही तुमच्याकडे कशी?"

परवीनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. भिंत, खिडकी, त्याचा चेहरा, सगळं एकमेकांत मिसळत गेलं. तिची नखं त्याच्या गालात रुतली होती, पण बोटांतला जोर संपत आला होता. सुम्बुलला असंच वाटलं असेल, हा एकच विचार तिच्या मनात उरला.

मग धप्प असा आवाज झाला आणि पीळ सुटला.

जहांगीर गुडघ्यांवर आला. त्याने मान वळवून मागे पाहिलं. अम्मा दोन्ही हातांनी वरवंटा धरून उभी होती, आणि त्याला तांबडा मसाला लागला होता की रक्त, ते सांगता येत नव्हतं.

"अम्मा?" तो म्हणाला.

तिने पुन्हा मारला. या वेळी खांद्याचं हाड मोडल्याचं परवीनला ऐकू आलं. तो आडवा झाला आणि कुत्र्यासारखा विव्हळू लागला. अम्माने तिसऱ्यांदा वरवंटा उचलला. परवीन रांगत गेली आणि तिने म्हातारीच्या कमरेला मिठी घातली.

तोवर दार फुटलं होतं. उतेकर आत आले, मागे दोन हवालदार. जहांगीरला उताणा करून त्यांनी त्याचे खिसे तपासले, मग एकजण बाहेर उभ्या ट्रककडे धावला. थोड्या वेळाने तो केबिनमधून रुमालाची पुरचुंडी घेऊन आला. आत सुम्बुलचे मणी होते आणि कापलेला रेशमी दोरा होता, रक्ताने ताठर झालेला.

"याला कुणी मारलं?" उतेकरांनी विचारलं.

"मी," परवीन घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जीव वाचवायला मी मारलं."

"खोटा बोलते ती." अम्माने वरवंटा खाली ठेवला आणि पदराने हात पुसले. मुलाकडे तिने पाहिलं नाही. "मी मारला, साहेब. माळ मीच दिलती भागोजीला, नि ह्याला मीच धाडला त्याच्याकडं. लिहून घ्या, कुठं अंगठा द्यायचा तिथं देते." तिचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. "सुम्बुल गेली त्या दिवशी मी मुंबईला लेकीकडं होते. आज घरात होते."

अम्मा भिंतीला धरून चपला शोधू लागली.

"चला," ती म्हणाली. "त्या भागोजीच्या जावयाला आधी सोडा."